आठ नळ्यांतलं पाणी

३ फेब्रुवारी

आज आत्याबाई सुरू केली. ही वहीसुद्धा आजच सुरू करते आहे, कारण ताई म्हणाली, "तुझ्या धास्त्या वहीत उतरव, माझ्या कानात ओतू नकोस. मला दिवसभर पेशंट असतात." ताई दातांची डॉक्टर आहे. मी तिची धाकटी बहीण, इम्प्लांट बनवणाऱ्या कंपनीच्या प्रयोगशाळेत चाचण्या करते. दातांचं वेड दोघींना, पण धीर सगळा तिच्याकडेच गेलाय.

आत्याबाई म्हणजे आमचं चावण्याचं यंत्र. आठ पोलादी जबडे, सेकंदाला एक चावा, तोंड म्हणून कधी बंद नाही. यंत्र सांभाळणाऱ्या मिस्त्रींनी नाव ठेवलं ते चिकटलं.

आईला काल सगळं समजावून सांगितलं. हाडात बसतं ते इम्प्लांट, आतून पोकळ. त्यावर बसतं अबटमेंट, म्हणजे दाताचा खुंट. दोघांना आतून धरून ठेवतो एक बारीकसा स्क्रू. सगळा जीव त्या जोडात. चावताना जोड केसाच्या कितव्या तरी भागाएवढा उघडला, की लाळ आत, जंतू आत, चावा सोडला की तेच घाण पाणी बाहेर. मग वास, मग हिरडी सुजते, मग हाड झिजतं. आई म्हणाली, "म्हणजे डब्याच्या झाकणाचंच शास्त्र की. त्याला एवढं शिकायला कशाला लागतं?"

आठ इम्प्लांटच्या पोटात निळा रंग भरला, एकेक थेंबसुद्धा नाही, त्याहून कमी. वर जोड बसवले, तीसच्या कसाने, म्हणजे ठरलेल्या जोराने, आवळले, दहा मिनिटांनी नियमाप्रमाणे पुन्हा एकदा आवळले. प्रत्येक जोड आपापल्या नळीत पाण्याखाली. पाणी निळं झालं की जोड गळला. बारा लाख चावे, म्हणजे माणसाचं पाचेक वर्षांचं खाणं. चौदा दिवस लागतील.

हा जोड आमच्या कंपनीचा नवा. पास झाला तर ताईच्या दवाखान्यात पहिले दोन आईच्या खालच्या जबड्यात बसायचेत, २६ तारखेला. आई दोन वर्षं सफरचंद किसून खाते आहे. माझीही सहा महिन्यांची उमेदवारी मार्चअखेर संपते. देव पाण्यात घालून बसणं म्हणतात, मी आठ नळ्या घालून बसलेय.

५ फेब्रुवारी

वीज गेली तर? मिस्त्री म्हणाले, बॅटरी आहे. बॅटरी गेली तर? मिस्त्री म्हणाले, "मग मी स्वतः बसून चावीन, बाई, तुम्ही घरी जा."

सकाळचा क्रम आता बसलाय. सात वाजता यंत्र थांबवायचं, आठही नळ्यांतलं थोडं थोडं पाणी काढून रंगमापकात घालायचं, जोडांवरच्या टोप्या काढून पुसायच्या, पान्याने आठही स्क्रू एकदा तपासून घ्यायचे, टक्, टक्, टक्, की परत सुरू. तो टक् ऐकला की जीव भांड्यात पडतो. मी आधी लिफ्टच्या कारखान्यात सात वर्षं तपासनीस होते, तिथे बोल्टला पाना लावल्याशिवाय चहाला हात लावायचा नाही हा नियम. माणसं लटकणार असतात त्या बोल्टांवर. चांगल्या सवयी सुटत नाहीत हेच खरं.

८ फेब्रुवारी

सुट्टी असूनही गेले. तिसऱ्या नळीत पाणी एक मिलिमीटर कमी! पाणी आत शिरतंय का, नळीला चीर आहे का, की मीच काल कमी भरलं? तासभर भिंगातून बघत बसले. शेवटी कळलं, झाकण नीट बसलं नव्हतं, पाणी उडून गेलं. नवं झाकण लावलं आणि सगळ्या झाकणांवर दुसरी पट्टी चिकटवली.

पाचव्या आणि तिसऱ्याचा पाना टक् होण्याआधी थोडा फिरला. जागेवर बसत असतील. ते काही नाही, पण ही झाकणं माझा जीव घेणार.

११ फेब्रुवारी

पाणी आठही नळ्यांत स्वच्छ. एवढं स्वच्छ की मला आता रंगाचीच शंका यायला लागली. रंग उन्हाने उडाला असेल तर? खिडकीला पुठ्ठा लावला. साहेब आत आले आणि म्हणाले, "इथे काय फोटो धुताय का?"

साहेब माणूस चांगला, पण घाई फार. बाहेर मागण्या येऊन पडल्यात. मी रोज नोंदवहीत लाल पेनाने लिहिते: पाणी स्वच्छ, कस तपासला, ठीक. ते फोनवर बोलता बोलता खाली सही करतात. एक दिवस मी 'साहेब गळतात, ठीक' असं लिहून बघणार आहे.

संध्याकाळी आई आरशासमोर तोंड वासून उभी होती. "दात होते तेव्हा चणे नव्हते, आता चणे आहेत तर दात नाहीत, असं नको व्हायला बाई. सव्वीस पक्की ना?" पक्की म्हणाले. म्हणताना जीभ जड झाली, पण ती माझी नेहमीचीच.

१७ फेब्रुवारी

बारा लाख पूर्ण. आठही नळ्या स्वच्छ. एकही नाही गळला! मी मिस्त्रींना मिठी मारणार होते, वेळेवर सावरले. ते म्हणाले, "आता तरी हसा, नाहीतर आत्याबाईला वाटेल कोणी गेलं."

शेवटी सगळे स्क्रू उलटे फिरवून किती कस उरलाय ते मोजायचं असतं. जवळजवळ सगळा शाबूत. साहेब म्हणाले, असा जोड त्यांनी आयुष्यात पाहिला नाही. मीही नाही.

१९ फेब्रुवारी

अहवालावर सही केली. साहेबांनी हात मिळवला आणि म्हणाले, "तुमचं कायम झालंच समजा." ताईला फोन केला. ती म्हणाली, "धास्तीबाई पास!" घरी येताना आईसाठी एक किलो सफरचंदं घेतली, न किसता खायला. एकही धास्ती नाही असा पहिलाच दिवस, त्यामुळे जरा चुकल्याचुकल्यासारखं वाटतंय.

२० फेब्रुवारी

काय लिहू?

सकाळी आई म्हणाली, "माझ्या तोंडात घालणार आहात, तर त्या यंत्रात काय काय केलंत ते नीट सांग." मी कौतुकाने सगळं सांगत गेले. रंग, पाणी, बारा लाख चावे. मग म्हणाले, "आणि रोज सकाळी मी स्वतः एकेक स्क्रू पान्याने तपासत होते."

आई हसायला लागली. "अगंबाई! मग मीही रोज सकाळी तुझ्यापुढे आ वासून बसायचं का? पाच वर्षं?"

मी पण हसले. हसत हसत मोरीपर्यंत गेले आणि तिथेच खाली बसले.

पाना नुसतं तपासत नाही. टक् होईपर्यंत तो आवळतो. ढिला झालेला स्क्रू मी रोज सकाळी परत तीसवर नेऊन ठेवत होते. चौदा दिवसांत चौदा वेळा. पाचवा फिरत होता तो जागेवर बसत नव्हता, सुटत होता, आणि मी त्याला परत बसवत होते. लिफ्टचा बोल्ट रोज तपासायचाच असतो, कारण तिथे रोज माणूस जातो. दातात रोज पाना घेऊन कोण जाणार? नियमात स्पष्ट लिहिलंय, सुरुवातीला दोनदा आवळून झाल्यावर शेवटपर्यंत हात लावायचा नाही. मला पाठ आहे तो नियम. मला वाटलं, मी हात कुठे लावतेय, मी तर बघतेय.

बारा लाख चाव्यांची चाचणी झालीच नाही. एकेका दिवसाची चाचणी चौदा वेळा झाली.

२१ फेब्रुवारी

साहेबांना सांगायला गेले होते. दारापर्यंत. आत दोन पाहुणे होते, माझा अहवाल टेबलावर, साहेब म्हणाले, "या या, ह्याच त्या!" पाहुण्यांनी मान डोलावली. मी मान डोलावून परत आले.

आईचं आधी बघायला हवं. ताईकडे गेले. म्हणाले, "आईचं हाड पातळ आहे, उगाच नवीन कशाला? तू नेहमी वापरतेस त्या कंपनीचे घाल ना." ताईने चष्म्यावरून पाहिलं. "स्वतःच पास केलास ना जोड?" मी म्हणाले, "केला गं. पण आई आहे. मन चिंती ते वैरी न चिंती." ती हसली. "घाबरट ती घाबरटच. बरं, जुनेच घालते. आईला सांगू नकोस, नवे मिळणार म्हणून मिरवतेय ती."

आयुष्यभर घाबरट म्हणवून घेतलं, त्याचा आज उपयोग झाला. घरी येऊन शांत झोप लागेल असं वाटतंय.

२२ फेब्रुवारी

ताईचा फोन. आईची जागा मोकळी झाली म्हणून नव्या जोडाचे पहिले दोन शिंपीकाकांना बसवणार, ३ मार्चला. शिंपीकाका म्हणजे दवाखान्याच्या खाली ज्यांचं दुकान आहे ते. बायको गेल्यापासून एकटेच असतात, मधुमेह आहे, भीत भीत तयार झालेत. ताई म्हणाली, "मी सांगितलं त्यांना, माझ्या बहिणीने स्वतः तपासलंय."

मी म्हणाले, "बरं."

२४ फेब्रुवारी

दोन दिवस स्वतःशी हुज्जत घालतेय. कदाचित जोड चांगलाच असेल. मी पाना लावला नसता तरी गळला नसता, कोणी सांगावं? आत्याबाईला मिशा असत्या तर, तसलं हे. झाकली मूठ सव्वा लाखाची. चार महिन्यांनी एखादी हिरडी सुजली तर कोण म्हणणार जोडामुळे? मधुमेहवाल्यांची सुजतेच.

हे वाक्य मी लिहिलंय. खोडणार नाही.

आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं, ही म्हण आई शेजारणीबद्दल वापरायची. आता तिच्यासमोर जेवायला बसलं की घास फिरतो. खाई त्याला खवखवे. ती म्हणते, "माझं ऑपरेशन आणि तुझं तोंड एवढंसं का झालंय?"

२६ फेब्रुवारी

आईचे दोन बसले. ताईचा हात हलका, अर्ध्या तासात आटपलं. आई गालावर बर्फ धरून राणीसारखी बसलीय आणि खुणा करून आईस्क्रीम मागतेय. जुन्या कंपनीचे आहेत हे तिला माहीत नाही.

काल काही विशेष घडलं नाही, म्हणून लिहिलं नाही.

२८ फेब्रुवारी

संध्याकाळी चहा गाळत होते. आई बाहेरच्या खोलीत फोनवर. "अहो, घाबरताय कशाला? मला तेच बसवलेत ना! मुंगी चावल्याएवढंही कळलं नाही. माझ्या धाकटीने तपासलेत, ती किती घाबरट आहे माहीत आहे ना तुम्हाला? तिने हो म्हटलं म्हणजे डोळे मिटून बसा." शिंपीकाका होते. ताईनेच नंबर दिला होता, जरा धीर द्यायला.

चहा गाळणीतून खाली न जाता ओट्यावर गेला.

१ मार्च

सांगितलं. साहेबांना, उभ्या उभ्याच. नोंदवही उघडून लाल अक्षरं दाखवली, कस तपासला, ठीक, चौदा वेळा. ते बराच वेळ पानं उलटत राहिले. मला वाटलं, ओरडतील. ते म्हणाले, "प्रत्येक पानाखाली माझी सही आहे." मग खुर्चीत मागे टेकले आणि म्हातारे दिसले.

"कधी लक्षात आलं?"

"आत्ताच. काल परत वाचताना."

त्यांनी मान हलवली. अहवाल मागे घेतला, गेलेला माल थांबवायला फोन केले, एकेक करत पाच. प्रत्येक वेळी म्हणाले, "आमच्याकडून चूक झाली." माझं नाव घेतलं नाही. नव्याने चाचणी, त्याच जोडाची, परवापासून. मीच करायची, आणि मिस्त्री पाना स्वतःच्या कपाटात कुलूप लावून ठेवणार.

ताईला फोन केला. ती तीन वाक्यं ऐकून म्हणाली, "थांब, काकांना खाली निरोप पाठवते, तीन तारीख रद्द." मग थोडं थांबून, "आईचं बदललंस ते..." आणि पुढे, "जाऊ दे, पेशंट आहे." तिने विचारलं नाही. मीही सांगितलं नाही.

३ मार्च

सुरू. नवे आठ. चावायला लागले.

६ मार्च

हात कुठे ठेवू कळत नाही. सकाळी पाणी काढते आणि मग तिथेच उभी राहते, पान्याशिवाय. एक जोड हातात धरला तर अंगठ्याला काहीतरी हलल्यासारखं वाटतं. हलतंय की माझा अंगठा कापतोय? विचारायची सोय नाही. गळू दे असं वाटतं, म्हणजे मी सांगितलं ते बरोबर ठरेल. गळू नको असंही वाटतं, म्हणजे कोणाचंच काही बिघडलं नसतं. दोन्ही एकाच श्वासात.

११ मार्च

सातवी नळी निळी. आकाशाएवढी फिकट. रंगमापकात तीनदा घालून पाहिलं. साहेबांना बोलावलं. ते वाकून बघत राहिले आणि म्हणाले, "सुंदर." मग लाजले.

१७ मार्च

बारा लाख. तीन गळले. दुसरी, पाचवी, सातवी. पाचवीचा स्क्रू मी बोटाने काढला, बोटाने. जोडाचं डिझाइन परत कागदावर जाणार. साहेब म्हणाले, माझ्या कायम होण्याबद्दल एप्रिलमध्ये बोलू. म्हणजे काय ते मी विचारलं नाही.

घरी आईला सगळं सांगितलं. जोड, पाना, तिच्या तोंडात जुने आहेत ते. ती आधी गाल चाचपत होती, मग थांबली.

"म्हणजे मी त्या माणसाला खोटं बोलले?"

"तुला माहीत नव्हतं, आई."

"तुला होतं."

आई ताटं उचलताना म्हणाली, "उद्या जाऊन त्यांना सांग. फोनवर नाही."

१८ मार्च

शिंपीकाका मशीनवर होते. मला पाहून उठले, खुर्ची पुसून दिली. मी बसले नाही. सांगितलं, नव्या जोडांची चाचणी चुकली होती, परत केली तर आठातले तीन गळले. तुमची तारीख त्यासाठीच रद्द केली. ताई आता दुसऱ्या कंपनीचे बसवेल, ते वर्षानुवर्षं वापरातले आहेत. माझ्या आईला बसवलेत तेच.

"पण आई तर म्हणाल्या, त्यांना नवेच बसवलेत."

"तिला माहीत नव्हतं. मी आधीच बदलायला सांगितलं होतं."

"का?"

"मला चूक कळली होती."

"कधी?"

साहेबांना सांगितलं तेच उत्तर तोंडात तयार होतं. ते आलंच नाही. "वीस फेब्रुवारीला," मी म्हणाले.

काकांनी भिंतीवरच्या कॅलेंडरचं पान मागे उलटलं. बोट वीसवर ठेवलं, मग हळूहळू पुढे सरकवत नेलं आणि थांबवलं. "पंचवीसला तुम्ही इथे आला होतात."

"हो."

काकांनी पान परत खाली सोडलं, मशीनवर बसले, कापड सरळ केलं आणि पायडल मारायला लागले. मी निघाले.

घरी येऊन वही मागे उलटली. पंचवीस तारखेची नोंद नाही. सव्वीसला लिहिलंय, काल काही विशेष घडलं नाही. आता लिहिते.

२५ फेब्रुवारी

प्रयोगशाळेच्या कोटाचा खिसा उसवला होता, तो शिवून घ्यायला शिंपीकाकांकडे गेले. त्यांनी हातातलं काम बाजूला ठेवून आधी माझा खिसा घेतला. दाताने दोरा तोडायला गेले, दात नाहीत म्हणून हसले आणि कात्री शोधली. म्हणाले, "घरच्या माणसाला सांगाल तसं सांगा, घेऊ ना बसवून?"

मी म्हणाले, "बिनधास्त."